खिडकी ओढली की पांढरा त्रिकोण नाहीसा का होतो? ओपनजीएलमधल्या रंगीत आकारांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी भाषेत ओपनजीएल (चित्र काढायची फंक्शनं देणारी लायब्ररी) आणि फ्रीग्लट (खिडकी उघडून देणारी लायब्ररी, पुढे नुसतं 'ग्लट') वापरून एका खिडकीत तीन आकार काढले आहेत. त्रिकोणाला रंगच दिलेला नाही, कारण तो पांढरा हवा होता आणि पांढरा तर आपोआप मिळतो. चौकोन लाल, वर्तुळ निळं. निळ्यासाठी जीएलकलर३आय हे फंक्शन घेऊन त्याला ०, ०, २५५ दिलं आहे. प्रोग्राम चालवला की काळ्या खिडकीत त्रिकोण पांढरा दिसतो, चौकोनाच्या जागी लाल डमरू दिसतो आणि वर्तुळाचा पत्ताच नसतो. एवढ्यावर भागत नाही. खिडकीचा कोपरा धरून ती जरा मोठी केली की त्रिकोणही जातो, उरतो एकटा डमरू. शेवटी विचारलं आहे, "ग्राफिक्स कार्ड बिघडलंय का?"

कार्ड ठणठणीत आहे. त्रिकोण जाणं आणि वर्तुळ मुळात न दिसणं हा एकच घोटाळा आहे. दोन्ही आकार त्या खिडकीत आत्ताही आहेत, फक्त काळ्यावर काळे काढलेले आहेत. ते कसं, हे नीट समजून घ्या. डमरूचं नंतर बघू, तो सोपा आहे. फंक्शनांची नावं मी पुढे उच्चारतो तशीच लिहितो आहे, तुमच्या कोडमध्ये ती लगेच सापडतील.

ओपनजीएलमध्ये रंग हा आकाराचा गुण नाही. "हा त्रिकोण, आणि हा त्याचा रंग" असं सांगायची सोयच तिथे नाही. रांगोळी घालताना चिमटीत जो रंग असेल तोच जमिनीवर पडतो, पानाला हिरवा हवा हे रांगोळीला माहीत नसतं. इथेही तसंच. जीएलकलरचं कुठलंही फंक्शन काहीही काढत नाही, ते फक्त चिमटीतला रंग बदलतं. त्यानंतर दिलेला प्रत्येक शिरोबिंदू (आकाराचा कोपरा) तोच रंग घेऊन जातो, पुन्हा बदलेपर्यंत. आणि 'पुन्हा बदलेपर्यंत' याचा अर्थ आकार संपेपर्यंत नाही, जीएलएंडपर्यंत (आकाराचे बिंदू संपले हे सांगणारं फंक्शन) नाही, डिस्प्ले फंक्शन (सगळं चित्र काढणारं तुमचं फंक्शन) संपेपर्यंतही नाही. प्रोग्राम चालू आहे तोवर.

आता तुमचा कोड चालतो तसा मनात चालवून बघा. पहिल्या वेळी चिमटीत पांढरा असतो. सुरुवातीचा रंग पांढरा हे ओपनजीएलने ठरवून दिलेलं आहे. त्रिकोण पांढरा पडला. मग तुम्ही लाल घेतलात, चौकोन लाल. मग जीएलकलर३आयने जे काही घेतलंत त्यात वर्तुळ पडलं, आणि डिस्प्ले फंक्शन संपलं. खिडकी ओढलीत तेव्हा ग्लटने तेच फंक्शन पुन्हा बोलावलं. या वेळी त्रिकोणाची पाळी आली तेव्हा चिमटीत पांढरा नव्हता, मागच्या फेरीतला वर्तुळाचा रंग तसाच होता. वर्तुळ ज्या कारणाने दिसत नव्हतं त्याच कारणाने त्रिकोणही दिसेनासा झाला. काही मशीनवर खिडकी उघडतानाच चित्र दोनदा काढलं जातं. तिथे पांढरा त्रिकोण पापणी लवायच्या आत जातो आणि मुलं शपथेवर सांगतात की तो कधी दिसलाच नाही.

मग वर्तुळाचा 'निळा' काळा का? कारण जीएलकलर३आय हे फंक्शन तुम्हाला वाटतं तसं वागत नाही. त्यातला 'आय' म्हणजे पूर्णांक, इथवर बरोबर. पण पूर्णांक म्हणजे ० ते २५५ नव्हे, ३२ बिटांचा पूर्ण पल्ला. त्याच्या हिशेबात १०० टक्के निळा म्हणजे २१४,७४,८३,६४७. त्यातले तुम्ही दिलेत २५५. भागाकार केला तर ८४ लाखांत जेमतेम एक हिस्सा निळा! चौऱ्याऐंशी लाख योनी फिरून आल्यावर एकदा निळा दिसेल म्हणा. पडद्यावर तो शुद्ध काळा.

रंग द्यायच्या तीन वाटा लक्षात ठेवा. जीएलकलर३एफला ०.० ते १.० अशा अपूर्णांकांत रंग द्यायचा. जीएलकलर३यूबीला ० ते २५५; यूबी म्हणजे अनसाइन्ड बाइट, चित्र रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे आकडे जसेच्या तसे इथे चालतात. आणि जीएलकलर३आयला रंग द्यायचाच नाही. ते आहे हे विसरून जा. उलटी चूकही होते: जीएलकलर३एफला २५५, १५३, ५१ दिलं की प्रत्येक आकडा १.० वर कापला जातो आणि केशरीऐवजी पांढराफटक रंग मिळतो. तुमचा वर्गमित्र "सगळं पांढरंच येतंय" म्हणत असेल तर त्याने हेच केलं असणार. तिसरी गंमत सी भाषेची आहे. कोणीतरी सांगतं की २५५ने भागा, म्हणून मुलं १५३/२५५ लिहितात. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देते, उत्तर शून्य. १५३/२५५.० लिहिलं तर ०.६ येतं. एका टिंबाचा खेळ.

या सगळ्यावर मी प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी एक उपाय सांगतो, फार हुशारीचा नाही पण कामाचा. पार्श्वभूमी काळी ठेवू नका. जीएलक्लिअरकलरला ०.३, ०.३, ०.३, १.० देऊन ती मळकट करडी करा. ओपनजीएलमध्ये काही बिघडलं की आकार बहुतेक वेळा काळा पडतो, आणि पार्श्वभूमीही मुळात काळीच असते. दोन काळे एकमेकांत लपतात आणि तुम्हाला वाटतं आकार आलाच नाही. करड्यावर काळा त्रिकोण दिसला की निदान एवढं तरी कळतं की बिंदू बरोबर आहेत, रंग चुकलाय. अर्धा शोध तिथेच संपतो.

दुसरी सवय: प्रत्येक आकाराच्या आधी रंग लिहायचा, पांढरा असला तरी. 'आपोआप मिळतो' यावर कधीही विसंबायचं नाही, कारण आपोआप मिळणारी गोष्ट पहिल्या फेरीपुरतीच असते.

आता डमरू. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके बरोबर असून उपयोग नाही, जोडायचा क्रम चुकला की आकृती बिघडते. जीएलक्वाड्सला चार बिंदू कडेकडेने हवे असतात: खाली डावा, खाली उजवा, वर उजवा, वर डावा. तुम्ही बहुधा ओळी-ओळीने दिलेत: खालचे दोन, मग वरचे दोन, तेही दोन्ही वेळा डावीकडून उजवीकडे. त्यामुळे कडा मधोमध एकमेकींना छेदतात आणि डमरू होतो. क्रम बदला, चौकोन येईल. कडा आडव्या-उभ्या असतील तर जीएलरेक्टएफला समोरासमोरचे दोन कोपरे दिले तरी भागतं. याच्याच जवळचा आणखी एक धोका: जीएलपॉलिगॉनला फक्त बहिर्वक्र आकार चालतात, म्हणजे ज्यांना आत खाच नाही असे. चांदणीचे दहा बिंदू जीएलपॉलिगॉनला देऊन बघा. एखाद्या मशीनवर ती ठीक येईल, दुसऱ्यावर एखादी खाच बुजलेली दिसेल. चांदणी काढायची तर मध्यबिंदूपासून सुरू होणारा ट्रँगल फॅन (एकाच बिंदूभोवती पंख्यासारखे पसरलेले त्रिकोण) घ्यायचा.

वर्तुळ दिसायला लागलं की तुमची पुढची तक्रार येईल: ते अंडाकृती आहे. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ओपनजीएल खिडकीची डावी कड -१, उजवी १, खालची -१ आणि वरची १ धरतं, खिडकी कुठल्याही मापाची असो. ९०० बाय ६००च्या खिडकीत आडवं एक एकक ४५० पिक्सेलचं आणि उभं ३०० पिक्सेलचं होतं. मग वर्तुळ दीडपट रुंद होणारच. यासाठी जीएलयूऑर्थो२डी आहे. त्याला ०, ९००, ०, ६०० दिलं की एक एकक म्हणजे एक पिक्सेल, आडवं आणि उभंही.

पण हे फंक्शन कुठे लिहिता याला फार महत्त्व आहे, कारण इथेही तोच न विसरणारा स्वभाव आडवा येतो. जीएलयूऑर्थो२डी नवी मोजपट्टी बसवत नाही, आधीच्या मोजपट्टीला गुणतं. ते डिस्प्ले फंक्शनमध्ये लिहिलंत आणि त्याच्याआधी जीएललोडआयडेंटिटी (जुनी मोजपट्टी पुसणारं फंक्शन) लिहायला विसरलात, तर पहिली फेरी छान येते. दुसऱ्या फेरीत गुणाकारावर गुणाकार होतो आणि सगळं चित्र आकसून खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जेमतेम एका पिक्सेलएवढं उरतं. "सर, मिनिमाइज करून परत आणलं की चित्र जातं" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता कोड न बघता ओळीचा अंदाज सांगतो. जागा ठरलेली आहे: रीशेप फंक्शन, म्हणजे खिडकीचं माप बदललं की ग्लट बोलावतं ते. तिथे आधी जीएलव्ह्यूपोर्ट (खिडकीच्या कुठल्या भागात चित्र काढायचं ते), मग प्रोजेक्शन मॅट्रिक्स (मोजपट्टी ठेवणारा) निवडायचा, मग लोडआयडेंटिटी, मग ऑर्थो, मग परत मॉडेलव्ह्यू (आकार हलवणारा मॅट्रिक्स). तुम्ही स्वतःचं रीशेप दिलं नाहीत तर ग्लट व्ह्यूपोर्ट स्वतः लावतं. दिलंत तर ते काम तुमच्याकडे येतं, आणि हे अनेकांना माहीत नसतं.

वर्तुळ मुळात असं काही नसतंच, ते बारीक त्रिकोणांचं असतं. मध्यबिंदू, मग कोसाइन-साइनने परिघावरचे बिंदू. कोन रेडियनमध्ये. लूपमध्ये i/360 लिहून वर सांगितलेली पूर्णांकांची चूक पुन्हा करू नका, नाहीतर सगळे बिंदू एकाच जागी पडतील आणि काहीच दिसणार नाही. लूप n पर्यंत न्यायचा, n-१ पर्यंत नाही. पहिला बिंदू शेवटी पुन्हा आला नाही तर वर्तुळाची एक फोड कापलेली राहते.

तुकडे किती घ्यायचे? मुलं डोळे झाकून ३६० घेतात, कारण वर्तुळात ३६० अंश असतात. त्याचा काही संबंध नाही. सरळ तुकडा खऱ्या परिघापासून जास्तीत जास्त किती आत जातो ते मोजा. त्रिज्या r आणि तुकडे n असतील तर ते अंतर r गुणिले (१ वजा कोसाइन π/n). समजा त्रिज्या ९२.५ पिक्सेल आहे. २४ तुकड्यांत चूक सुमारे ०.८ पिक्सेल, म्हणजे डोळ्याला कोपरे जाणवतील. ४८ तुकड्यांत ०.२ पिक्सेल, इथे डोळा फसतो. १०० तुकड्यांत ०.०५च्याही खाली. त्यापुढे नुसती हमाली.

९२.५ हा आकडा मी उगाच घेतला नाही. हे सगळं एका चित्रात बसवायचं असेल तर तिरंगा काढा. आयत, वर्तुळ, रेषा, चार रंग, आणि वर सांगितलेली प्रत्येक चूक करायची संधी. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२. ध्वजाच्या प्रमाणित मापांत ९०० बाय ६०० मिलिमीटरचं एक माप आहे, आणि त्याच्या अशोकचक्राचा व्यास १८५ मिलिमीटर दिलेला आहे. खिडकी ९०० बाय ६०० पिक्सेलची घेतली की हिशेबच उरत नाही: मिलिमीटरच्या जागी पिक्सेल वाचा. प्रत्येक पट्टा २०० उंच, चक्राचं केंद्र ४५०, ३०० वर, त्रिज्या ९२.५. पांढऱ्या पट्ट्यात चक्राच्या वर आणि खाली साडेसात-साडेसात पिक्सेल राहतात. पडद्यासाठी सर्रास वापरले जाणारे आकडे असे: केशरी २५५, १५३, ५१, हिरवा १९, १३६, ८, निळा ०, ०, १२८. सगळे जीएलकलर३यूबीने.

इथे टर्बो सी शिकून आलेल्यांची हमखास फजिती होते. जुन्या ग्राफिक्स डॉट एचमध्ये शून्य-शून्य हा बिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो. ओपनजीएलमध्ये, आपण लावलेल्या मोजपट्टीत, शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात आणि वाय वर वाढतो, शाळेतल्या आलेखवहीसारखा. जुन्या सवयीने ० ते २०० केशरी लिहिलं की ध्वज उलटा होतो. केशरी पट्टा खाली ठेवून ध्वज लावू नये हे ध्वजसंहितेतच आहे, त्यामुळे ही चूक परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. हिरवा ० ते २००, पांढरा २०० ते ४००, केशरी ४०० ते ६००.

आणि पांढरा पट्टा. तुम्ही त्रिकोणाच्या बाबतीत केलंत तेच इथे बहुतेक जण करतात: पांढरा तर असतोच, रंग कशाला लिहायचा? आधी हिरवा पट्टा काढलेला असतो, मग रंग न देता मधला पट्टा, आणि ध्वजाचा दोन-तृतीयांश भाग हिरवा होतो. लिहा, पांढराही लिहा.

चक्रासाठी निळं भरलेलं वर्तुळ, त्यावर थोडं लहान पांढरं वर्तुळ, म्हणजे कडं तयार. नंतर काढलेलं वर दिसतं, एवढाच नियम. मग २४ आरे, दर १५ अंशांना एक, जीएललाइन्सने, आणि मधोमध छोटा निळा ठिपका. वर्तुळाचे तुकडे ४८ किंवा ७२ घेतले तर २४ आऱ्यांची टोकं बरोबर बिंदूंवर येतात, दिसायला नेटकं. रेषेची जाडी जीएललाइनविड्थने, पण जीएलबिगिनच्या आधी. बिगिन आणि एंडच्या मध्ये ते चालत नाही. ओपनजीएल ओरडत नाही, चूक मनात ठेवतं आणि जाडी न बदलता पुढे जातं. डिस्प्लेच्या शेवटी जीएलगेटएररचं उत्तर छापायची सवय लावली तर असल्या मुक्या चुका सापडतात. कडा करवतीसारख्या दिसत असतील तर डिस्प्ले मोडमध्ये ग्लट मल्टिसँपल जोडा.

रंग बिंदूला चिकटतो असं मी वर म्हटलं, त्याची खरी मजा एका आकाराच्या मध्येच रंग बदलला की कळते. जीएलबिगिन आणि जीएलएंडच्या मध्ये रंग बदलायला पूर्ण परवानगी आहे. त्रिकोणाच्या एका कोपऱ्याआधी लाल, दुसऱ्याआधी हिरवा, तिसऱ्याआधी निळा घ्या. आतल्या प्रत्येक पिक्सेलचा रंग तिन्ही कोपऱ्यांच्या मिश्रणातून ठरतो. पिक्सेल ज्या कोपऱ्याच्या जितका जवळ, त्या रंगाचा वाटा तितका जास्त, आणि तिन्ही वाट्यांची बेरीज कायम १. अगदी मध्यावर तिन्ही एक-तृतीयांश, म्हणजे ८५, ८५, ८५: तिथे रंगीबेरंगी काही नाही, गडद करडा आहे. रंगपेटीसारख्या त्या त्रिकोणाच्या पोटात करडा ठिपका असतो हे सांगितल्यावरच लोकांच्या लक्षात येतं. ही युक्ती आँरी गुरो यांनी १९७१मध्ये मांडली, वक्र पृष्ठभागांना छटा देण्यासाठी. आज ती हार्डवेअरमध्येच असते. बंद करायची तर जीएलशेडमॉडेलला फ्लॅट सांगायचं, मग त्रिकोण शेवटच्या बिंदूचा रंग घेतो.

यावरून दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, लाल आणि हिरव्याच्या मध्ये पिवळा का येत नाही, शेवाळी मळकट का येतो? कारण मध्यावर १२८, १२८, ० येतं आणि पडद्यावर १२८ म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे. पडद्याच्या गॅमामुळे (आकडा आणि प्रकाश यांचं सरळ नसलेलं नातं) तो पूर्ण प्रकाशाच्या २२ टक्क्यांच्या आसपास असतो. लाल कमी झाला, हिरवा कमी झाला, राहिला अंधार. दुसरा प्रश्न, चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार रंग दिले की मधून तिरकी घडी का दिसते? कारण कार्डाला चौकोन कळत नाही, ते त्याचे दोन त्रिकोण करतं, आणि मिश्रण प्रत्येक त्रिकोणापुरतं होतं. घडी नको असेल तर मध्ये पाचवा बिंदू घ्या, त्याला चारही रंगांची सरासरी द्या आणि चार त्रिकोणांचा फॅन करा.

न विसरण्याच्या या स्वभावाने मलाही एकदा चांगलं रडवलं आहे. एका यंत्राच्या नियंत्रण-पॅनेलचं चित्र पडद्यावर काढायचं काम होतं: बटणं, दिवे, काटे. सगळे साधे आयत आणि वर्तुळं, आपल्या तिरंग्यापेक्षा अवघड काही नाही. एके दिवशी सगळे दिवे काळवंडले. लाल दिवा सुकलेल्या रक्तासारखा, हिरवा शेवाळासारखा. मी दोन दिवस रंगांचे आकडे तपासत बसलो, आणि आकडे बरोबर होते. शेवटी सापडलं ते असं की सहकाऱ्याने लेबलं छापायचं नवं फंक्शन जोडलं होतं, त्यात अक्षरांसाठी टेक्श्चर (आकारावर चिकटवायचं चित्र) चालू केलं होतं आणि बंद केलंच नव्हतं. त्यानंतर काढलेला प्रत्येक दिवा अक्षरांच्या चित्रातल्या एका करड्या ठिपक्याच्या रंगाने गुणला जात होता. दिव्यांचा कोड निर्दोष होता, गुन्हा दुसरीकडेच झाला होता. तेव्हापासून दुसऱ्याच्या फंक्शनला हात लावायच्या आधी जीएलपुशअॅट्रिब (चालू सेटिंग जपून ठेवणारं) आणि नंतर जीएलपॉपअॅट्रिब (ती परत आणणारं) लावतो, म्हणजे त्याने आत काय घातलंय ते बाहेर सांडत नाही. रंगाचा संशय आला की डिस्प्लेच्या पहिल्याच ओळीत चालू रंग विचारून छापायचा. तुमच्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या फेरीत तिथे ०, ०, ० आलेलं बघाल आणि हसाल.

टेक्श्चरसारखेच आणखी दोन चोर आहेत, दोन्ही बहुतेक घनाच्या तयार कोडमधून उचलून आणलेले. एक प्रकाशयोजना. जीएललाइटिंग चालू असेल तर तुमच्या जीएलकलरकडे कोणी बघतच नाही, सगळं करडं दिसतं; कलर मटेरियल (प्रकाशातही जीएलकलर मानायला लावणारी सोय) चालू करावं लागतं, किंवा दोन मितींत सरळ लाइटिंगच बंद. दुसरा डेप्थ टेस्ट, म्हणजे कुठला आकार पुढे आणि कुठला मागे याची तपासणी. तो चालू असेल तर 'नंतरचं वर' हा नियम मोडतो: त्याच खोलीवरचा दुसरा आकार नाकारला जातो आणि निळ्यावरचं पांढरं वर्तुळ येतच नाही. सपाट चित्रांत त्याची गरज नाही, काढून टाका.

पूर्ण खिडकीच कोरी असेल तर मात्र रंगांकडे जाऊ नका. डिस्प्ले मोडमध्ये डबल (चित्रासाठी दोन पाट्या, एक मागे आणि एक पुढे) लिहिलंय आणि शेवटी फक्त जीएलफ्लश आहे का बघा. डबलमध्ये चित्र मागच्या पाटीवर होतं, ग्लटस्वॅपबफर्सने पाटी उलटवल्याशिवाय ते पुढे येत नाही.

आता एक स्पष्ट सांगायला हवं. तुम्ही शिकताय ती पद्धत जुनी आहे. ओपनजीएल १९९२मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने आणलं, त्यांच्याच आधीच्या आयरिस जीएलवरून. बिगिन-एंड २००८च्या ३.० आवृत्तीत निवृत्तीच्या यादीत गेलं आणि २००९च्या ३.१मध्ये मुख्य भागातून काढलं गेलं. मोबाइलवरच्या ओपनजीएल ईएसमध्ये आणि ब्राउझरमधल्या वेबजीएलमध्ये ते कधीच नव्हतं. अॅपलने तर २०१८मध्ये अख्ख्या ओपनजीएललाच जुनं ठरवलं. तरीही पहिले दोन आठवडे बिगिन-एंडनेच शिकावं असं माझं मत आहे. पहिला त्रिकोण दहा ओळींत दिसतो आणि आपण काय करतोय ते कळतं. नव्या पद्धतीत पहिल्या त्रिकोणाआधी शंभरेक ओळींचं सामान जमवावं लागतं, आणि त्यात मूळ गोष्टच हरवते.

दोन आठवड्यांनंतर मात्र थांबू नका. नव्या पद्धतीत चिमटीतला रंग ही कल्पनाच जाते. रंग बिंदूच्या शेजारी बफरमध्ये (आकड्यांच्या साठ्यात) जाऊन बसतो. एका बिंदूचे पाच आकडे: एक्स, वाय, लाल, हिरवा, निळा. प्रत्येकी चार बाइट, म्हणजे पुढचा बिंदू २० बाइटांवर आणि रंगाची सुरुवात ८ बाइटांवर. इथे २०च्या जागी ५ लिहिणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक, कारण तिथे आकडे नाही, बाइट मोजायचे असतात. आणि रंगाचं अॅट्रिब्यूट (बिंदूसोबत जाणारी माहिती) चालू करायला विसरलात तर शेडरला (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) ०, ०, ०, १ मिळतं. म्हणजे पुन्हा काळा. करडी पार्श्वभूमी तिथेही ठेवा.

सध्या तुम्ही एवढं करा: क्लिअरकलर करडा, त्रिकोणाआधी पांढरा लिहा, चौकोनाच्या शेवटच्या दोन बिंदूंची अदलाबदल करा, वर्तुळाचा 'आय' काढून 'यूबी' घाला. मग खिडकी चार-पाच वेळा ओढा, मिनिमाइज करून परत आणा, तिच्यावरून दुसरी खिडकी फिरवा. पहिल्या फेरीत दिसलं ते पाचव्या फेरीतही तसंच दिसलं तर फाइल सबमिट करायला हरकत नाही.